पाठवणीला पांढरी चार

"काका, पाठवणीला रडकं वाजवायचं नाही," नवरी म्हणाली.

मी तेव्हा क्लॅरिनेटची पत्ती ओली करत होतो. पत्ती म्हणजे वेताची पातळ चीप. ती वाद्याच्या तोंडाला बसवलेली असते आणि तिच्या थरथरण्यातून सूर निघतो. कोरडी पत्ती सूर फाडते, म्हणून वाजवण्याआधी ती काही वेळ जिभेवर धरावी लागते. त्यामुळे मला लगेच उत्तर देता आलं नाही. माझी हरकत आहे असं तिला वाटलं.

"म्हणजे नाचाचंही नको," ती म्हणाली. "माणसाला नीट उभं राहता येईल असं काहीतरी."

पत्ती तोंडातून काढून मी म्हणालो, "कुठल्या माणसाला?"

"तात्यांना."

नवरीचं नाव ऋतुजा. गाव सणसर. बारामतीत एका लॅबमध्ये नोकरी. तात्या म्हणजे तिचे वडील. लग्न भिगवणच्या अलीकडे, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठावर असलेल्या एका मंगल कार्यालयात होतं. अक्षता पडून गेल्या होत्या, शेवटच्या पंगतीची ताटं उचलणं चालू होतं. पाठवणीला अजून अवकाश होता.

मी बारामतीत राहतो. सकाळी क्लास घेतो आणि सीझनमध्ये लग्नं वाजवतो. आमचा ग्रुप लहान आहे. क्लॅरिनेटवर मी, कीबोर्डवर इंदापूरचा शकील, आणि एक ढोलकीवाला. पाठवणीत ढोलकीला काम नसतं, त्यामुळे तो जेवायला बसला होता. पाठवणी मी आणि शकील दोघंच करतो. इतकी वर्षं करत आलो की त्यात विचार करण्यासारखं काही उरलं नव्हतं. धून ठरलेली, कॉर्ड ठरलेले. गाडीचं दार लागलं की थांबायचं.

ऋतुजाने जे सांगितलं ते थोडक्यात असं. थोरल्या बहिणीच्या पाठवणीला तात्या गाडीपाशीच खाली बसले होते. तेव्हा प्रकृती धडधाकट होती, तरी लोकांना त्यांना धरून आत आणावं लागलं. आता दिवाळीनंतर त्यांचं हार्टचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी ताण नको म्हणून बजावलेलं. म्हणून तात्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं की पाठवणीला बाहेर यायचंच नाही. कार्यालयाच्या मागे पाण्याकडे खुर्ची टाकून बसायचं. हात चुलत्याने द्यायचा.

हात देणं म्हणजे बापाने लेकीचा हात धरून तिच्या सासऱ्यांच्या हातात देणं. पाठवणीत तेवढंच खरं काम असतं, बाकी सगळं भोवतीचं.

"ती धून सुरू झाली की तात्या संपतात," ऋतुजा म्हणाली. "तोपर्यंत चांगले असतात. सकाळपासून सगळ्यांशी बोलतायत. म्हणून म्हटलं, धूनच बदलता आली तर. मला हात त्यांनीच द्यायला पाहिजे, काका."

"बघतो," मी म्हणालो.

आमच्या धंद्यात 'बघतो' म्हणजे जबाबदारी घेतली असा अर्थ होतो. तिलाही तो कळला असावा. शालू सावरत ती परत स्टेजकडे गेली.

मी शकीलला घेऊन मागच्या अंगाला चहा प्यायला गेलो. तिथे पाणी होतं. हिवाळ्यात फुगवटा पार लांबपर्यंत पसरलेला असतो आणि दुपार कलली की पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते सांगता येत नाही. लांब उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांची फिकट गुलाबी रांग उभी होती. एक होडी त्यांच्या पलीकडून चालली होती, पण तिचा आवाज आमच्यापर्यंत येत नव्हता, त्यामुळे ती चालली आहे की नुसती आहे हेही नक्की कळत नव्हतं. कार्यालयातल्या कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. त्यांना ते रोजचंच.

काठाशी एक प्लॅस्टिकची खुर्ची आधीच येऊन पडली होती. तात्यांची असणार.

"सहाचं वाजवायचं नाही," मी शकीलला म्हणालो.

"मग पाठवणीला काय वाजवायचं?"

इथे वाचकांना थोडं सांगायला हवं. कीबोर्डवाला एका वेळी तीन पट्ट्या दाबून जो सूर धरतो त्याला कॉर्ड म्हणतात. ती जमीन. तिच्यावर मी मनाने जे वाजवत जातो, आधी न बसवलेलं, तो सोलो. जमीन ठरली म्हणून चालायचं कसं ते ठरत नाही. कुठले सूर घ्यायचे हे प्रत्येक वेळी निवडावं लागतं.

त्यासाठी माझी एक सोपी रीत आहे. पेटीच्या काळ्या पट्ट्या बाजूला ठेवा. उरल्या पांढऱ्या सात. त्यांना एक ते सात नंबर द्या. सात पट्ट्या त्याच ठेवायच्या, फक्त घर बदलायचं. घर म्हणजे जिथून निघता आणि जिथे येऊन टेकता ती पट्टी, आपला सा. एकला घर केलं तर बिलावल होतो, शाळेतल्या प्रार्थनेसारखा सरळ. दोनला काफी. तीनला भैरवी, जिच्यानंतर मैफल उठते. चारला कल्याण, दिवेलागणीचा. पाचला खमाज, जरा ठुमकणारा. सहाला आसावरी, सगळ्यात जड. सातला कुणी घर करत नाही, कारण तिथून मोजलं तर पंचम पडका निघतो. भिंत नसलेली खोली. पुण्यात एका वर्कशॉपला गेलो होतो तिथे यांनाच मोड म्हणत होते. चारला लिडियन, दोनला डोरियन, अशी ग्रीक नावं. मी घरी येऊन पेटीवर ताडून पाहिलं. पट्ट्या त्याच निघाल्या.

माझ्या वाद्यावर बोटं वेगळी पडतात, पण हिशेब मी पेटीच्या नंबरांवरच करतो. शकीललाही ते सोयीचं पडतं. चालू वाजवण्यात घर बदलायचं असेल तर मी त्याला डाव्या हाताची बोटं दाखवतो. चार बोटं म्हणजे पांढरी चार.

पाठवणीची नेहमीची धून सहाच्या घरातली.

"पाच घ्या," शकील म्हणाला.

"खमाज हलतं. लोक डोलायला लागतील."

"एक?"

"झेंडावंदन होईल."

"तीन तर न्हाईच." त्याने कपातला चहा फिरवला. "म्हंजे चार."

"चार."

"पाठवणीला कल्याण?" शकील माझ्याकडे बघायला लागला. "मास्तर, बाया काय करतील?"

"ऐकतील."

"बाया पाठवणीला ऐकाय येत न्हाईत."

तो हे हसत म्हणाला आणि मीही हसलो. त्याच्या बोलण्याकडे नीट लक्ष द्यायला हवं होतं, पण माझ्या डोक्यात गणित चालू होतं. कल्याणाची खुबी त्याच्या चौथ्या सुरात आहे. चारचं घर धरलं की चौथा सूर येतो पांढरी सात. तिला तीव्र मध्यम म्हणतात. हा सूर नेहमीच्या मध्यमापेक्षा अर्ध्या पायरीने वर असतो, तो खाली टेकायला मागत नाही. अधांतरी राहतो. तो ऐकताना काही संपत चाललंय असं वाटत नाही, काही सुरू झालंय असंही वाटत नाही. मला तात्यांसाठी नेमकं तेच हवं होतं.

आम्ही परत आलो तेव्हा गाडी फुलं लावून दारात उभी होती. मी शकीलला मान हलवून खूण केली. त्याने चारचा कॉर्ड धरला. उजव्या हाताच्या तीन बोटांखाली पांढरी चार, सहा आणि वरची एक. डाव्या हाताने खालची चार. आणि बोटं तशीच ठेवून दिली.

मी पहिला सूर हळू काढला.

सुरुवातीला मी फार काही केलं नाही. चारवरून पाचवर, पाचवरून सहावर, परत चारवर. घरात फिरल्यासारखं. मग एकदा सातला हात लावून आलो. मग सातवर थांबलो. कॉर्ड खाली तसाच पसरलेला होता आणि त्या पसरलेल्या कॉर्डवर तो सूर पाण्यावरच्या होडीसारखा राहिला, चालला आहे की नुसता आहे हे कळू नये असा.

दारातली गर्दी आमच्याकडे वळली. आचाऱ्याच्या माणसांनी पातेली ओढायची थांबवली. ऊन कार्यालयाच्या आरपार यायला लागलं होतं, मागच्या दारातून आत आणि पुढच्या दारातून बाहेर, आणि त्यात अक्षतांची धूळ तरंगत होती. ऋतुजा पायरीवर उभी होती, तिच्या बाजूला तिची आत्या, हौसाआत्या. आत्यांनी पदराचं टोक हातात तयार धरलेलं मला दिसलं.

मी वाजवत राहिलो. कुठे पोचायची घाई नसली की बोटं आपोआप नव्या वाटा काढतात. सात, सहा, सात, वरची एक, परत सात. मला बरं वाटत होतं. हे मी सहसा लिहीत नाही, पण त्या दिवशी मी कामावर आहे हे काही वेळ माझ्या लक्षात नव्हतं.

मग मागच्या दारातून तात्या आले.

ओळखायला अडचण पडली नाही. ऋतुजासारखंच कपाळ, पांढरी टोपी, शर्टाची वरची गुंडी लावलेली. ते हळूहळू चालत आले, गाडीपासून दहा-बारा पावलांवर एक खुर्ची होती तिच्यात बसले आणि मांडीवर हात ठेवून ऐकू लागले. चेहरा शांत होता. ऋतुजाने त्यांना पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, काम झालं.

काम झालेलं नव्हतं. कारण त्यानंतर काहीच झालं नाही.

कुणी रडलं नाही. कुणी हललं नाही. बायका पायरीवर उभ्या होत्या त्या खाली बसल्या. ऋतुजाही बसली. कुणीतरी पान लावायला घेतलं. नवरदेव गाडीला टेकून उभा होता, तो गुलाबाच्या पाकळ्या मोजल्यासारखं करत राहिला. लहान मुलं आईच्या मांडीवर झोपी गेली. सगळं लग्न त्या उन्हात बसून राहिलं, जणू आता इथेच राहायचं ठरलं आहे.

कॅमेरावाला माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मास्तर, रडायचे फोटो राहिलेत हां."

नवरदेवाचे मामा दोनदा गाडीभोवती फिरून आले. त्यांना उजेडात घरी पोचायचं होतं. तिकडे गृहप्रवेशाची तयारी करून माणसं ताटकळत होती. पण मामाही तोंडाने काही बोलेनात. फक्त माझ्याकडे बघत आणि घड्याळाकडे बघत.

शेवटी हौसाआत्या उठल्या आणि सरळ माझ्यापाशी आल्या.

"आवो मास्तर, कवा वाजवणार?"

मी सूर सोडून क्लॅरिनेट खाली घेतलं. शकीलने कॉर्ड तसाच धरून ठेवला. "वाजवतोयच की, आत्या."

"ह्ये न्हाय वो. जायाचं वाजवा."

"हे पाठवणीचंच आहे. पोरीनेच सांगितलंय, रडकं नको म्हणून."

"पोरीला काय कळतंय? ही पयल्यांदाच चाललीया." मागे दोघी-तिघी हसल्या. आत्या हसल्या नाहीत. "चांगलं हाय तुमचं. मला बी डुलकी लागली. पण पोरगी जायाची कशी?"

"गाडी उभी आहे. तुम्ही चला म्हणा, की निघेल."

"कोन म्हणंल?" आत्यांनी मला विचारलं. "म्या म्हणू? तिची आई म्हणंल? घरच्या लेकीला 'जा' म्हणायचं आसतं व्हय? आमी 'ये' म्हणतो. 'जा' आमच्यात कुणी म्हणत न्हाय. ते तुमी वाजिवलं म्हंजे झालं. तुमचं रडकं सुरू झालं की आमी उठतो, तिला धरतो, गाडीपाशी नेतो. तुमी न्हाय म्हणलासा तर आमी काय करायचं? बसलोय आपलं."

मी शकीलकडे पाहिलं. त्याने नजर पट्ट्यांवर ठेवली, पण त्याच्या मिशा हलल्या. बाया ऐकाय येत न्हाईत.

इतकी वर्षं मला वाटत होतं की लोक निघतात आणि आम्ही त्यांच्या मागे वाजवतो. उलट होतं. निघ असं त्या सगळ्या जमलेल्या माणसांच्या वतीने आम्ही म्हणत होतो, कारण त्यांच्यात ते म्हणण्याची रीत नव्हती. आणि आज आम्ही ते म्हणायचं बंद केलं होतं. ऋतुजा पायरीवर बसली होती ती त्यामुळे.

आता अडचण अशी होती. निघ तर म्हणायला हवं. पण सहाच्या घरातून म्हटलं की तात्या संपतात. चारच्या घरातून ते म्हणताच येत नाही, हे समोर दिसत होतं. तात्या दहा-बारा पावलांवर बसले होते आणि त्यांनी आत्यांचं सगळं बोलणं ऐकलं होतं. ते खुर्चीचे हात धरून उठण्याच्या बेतात होते. पुढे जाण्यासाठी की मागच्या पाण्याकडे जाण्यासाठी, ते मला कळेना.

"आत्या, तुम्ही तिच्याजवळ जाऊन उभ्या राहा," मी म्हणालो. "वाजवतो."

मी क्लॅरिनेट तोंडाला लावलं आणि पांढरी चार धरली.

माझ्या वाद्यावर हा एक गमतीचा सूर आहे. पांढरी चार वाजवायला एकही भोक झाकावं लागत नाही. सगळी बोटं मोकळी. वाद्य उजव्या अंगठ्यावर पेललेलं, फक्त फुंक चालू. त्यामुळे सूर लांबवत असताना डावा हात रिकामा राहतो. मी तो हात कमरेशी नेला आणि शकीलला दोन बोटं दाखवली.

त्याने एकदा बोटांकडे पाहिलं, एकदा तात्यांकडे. मग त्याने उजव्या हाताचं एकच बोट हलवलं. चार आणि सहा दाबलेलीच राहिली. वरच्या एकवरचं बोट शेजारच्या दोनवर आलं. डावा हात खाली उतरून दोनवर गेला. बस.

मी काहीच बदललं नव्हतं. तोच सूर, तीच फुंक, बोटं मोकळी. पण खालची जमीन सरकली. आतापर्यंत तो सूर माझं घर होता. आता घर दोनला गेलं, आणि तोच सूर त्या घराचा कोमल गंधार झाला, ज्याने घर उदास होतं ती खिडकी. काफी. सात पट्ट्या त्याच होत्या.

बायकांना ते माझ्या आधी कळलं. पहिला हुंदका हौसाआत्यांचा आला, आणि मग पायरीवरची सगळी ओळ एकदम उठली. ऋतुजाला दोघींनी धरलं. पान लावणारी बाई पान तसंच टाकून उठली. मामांनी गाडीचं दार उघडलं. इतका वेळ थिजलेलं सगळं एका बोटाने चालू झालं.

तात्या उभे राहिले.

ते पुढे निघाले. एक पाऊल, दुसरं. मी सहावरून सातकडे जाणार होतो. दोनच्या घरातून मोजलं तर सात हा सहावा सूर पडतो, शुद्ध धैवत. काफी आणि आसावरी यांच्यात फरक तेवढाच आहे. आसावरीत तो सूर उतरलेला असतो, काफीत चढा. त्या एका सुरामुळे काफीत दुःख असलं तरी पाठ ताठ राहते. मला तात्यांसाठी तो सूर हवा होता.

आणि नेमका तिथे शकीलचा हात सवयीने गेला.

सहाच्या घरात वर्षानुवर्षं वाजवून त्याच्या हातात एक चाल बसली होती. घराचा कॉर्ड झाला की पुढचा कॉर्ड उदास धरायचा. त्याने तीच चाल दोनच्या घरात आणली. पण इथे तो कॉर्ड उदास करायचा तर काळी पाच, म्हणजे पांढऱ्या सहा आणि सातच्या मधली काळी पट्टी, दाबावी लागते. म्हणजे तोच धैवत, उतरलेला. त्याने ती दाबली. सहाच्या घरात आम्ही सोडून आलेली आसावरी दोनच्या घरात परत आली.

तात्या थांबले. त्यांचा हात दारापुढच्या मंडपाच्या खांबाकडे गेला आणि त्यांनी तो धरला. ऋतुजाने तिकडे पाहिलं आणि ती पण थांबली.

माझ्यापुढे दोन गोष्टी होत्या. काळ्या पाचबरोबर जायचं, म्हणजे कॉर्डशी जुळेल पण तात्या तिथेच बसतील. किंवा पांढरी सात धरायची, म्हणजे दोन शेजारचे सूर एकमेकांवर घासतील आणि सगळ्या मंडपाला बेसूर ऐकू येईल. मी दोन्ही केलं नाही. तो सूरच घेतला नाही. सहावरून उडी मारून सरळ वरच्या एकवर गेलो. मधली जागा रिकामी ठेवली. परत आलो तेव्हाही तसंच, एकवरून सहावर, मधे काही नाही.

शकीलला ती रिकामी जागा ऐकू गेली. आमचं एकमेकांना सांगणं असंच असतं, जे घेतलं नाही त्यातून. तो घरी परतला, दोनच्या कॉर्डवर, जरा थांबला. पुढच्या वेळी त्याचं मधलं बोट काळ्या पाचकडे गेलं, वरच्या वर थबकलं, आणि शेजारच्या पांढऱ्या सातवर उतरलं.

मग मी सात वाजवली.

ही तीच पट्टी होती जिच्यावर मी मघाशी तेवढा वेळ रेंगाळलो होतो. तेव्हा ती तीव्र मध्यम होती, आता धैवत. पण तात्यांना नंबर माहीत नव्हते. त्यांना ते ओळखीचं वाटलं असावं. त्यांनी खांब सोडला. सावकाश चालत ते गाडीपाशी पोचले.

त्यांनी लेकीचा हात धरला. तिच्या सासऱ्यांनी दोन्ही हात पुढे केले होते. तात्यांनी हात द्यायला वेळ लावला, आणि आम्ही दोनच्या घरात तेवढा वेळ थांबलो. मग त्यांनी हात दिला.

"ये," ते ऋतुजाला म्हणाले.

ऋतुजा रडत होती, तात्यांच्या डोळ्यांतूनही पाणी वाहत होतं. पण ते उभे होते. ती गाडीत बसल्यावर ते वाकून म्हणाले, "दार नीट लावून घे. जुनी गाडी हाय, खिटी धरंना झाल्यागत दिसतीया."

"तात्या, यंदाच्या दसऱ्याला घेतलीय की," मामा म्हणाले.

"मग लाव म्हणलं तर लावाय काय हुतंय?"

रडणाऱ्या बायकांमधून हसू आलं. ऋतुजाही हसली. दार तात्यांनीच लावलं, एकदा लावून उघडलं आणि परत लावलं. गाडी फाट्याकडे वळून दिसेनाशी झाली, तेव्हा मी आणि शकील दोनवर येऊन टेकलो आणि थांबलो.

हौसाआत्या डोळे पुसत माझ्याजवळून गेल्या. "आता कसं," त्या म्हणाल्या. "आधीच वाजिवलं आसतं तर एवढा येळ ग्येला नसता."

मी हो म्हणालो. आधीच वाजवलं असतं तर तात्या मागच्या खुर्चीतून उठले नसते, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता.

आम्ही सामान बांधायला घेतलं. मी क्लॅरिनेटचे तुकडे सुटे करणार एवढ्यात तात्या आले. त्यांनी मागची ती प्लॅस्टिकची खुर्ची उचलून आणली होती. आमच्यासमोर ठेवली आणि बसले.

"मास्तर, ते आदलं वाजवा."

"कुठलं, तात्या?"

"म्या हितं बसलो हुतो तवाचं."

शकीलने स्पीकरची वायर परत जोडली. चार, सहा, एक. मी मोकळ्या बोटांचा सूर काढला. मंडप रिकामा होता, माणसं गालिचे गुंडाळत होती, आणि मागच्या दारातून येणारं ऊन आता तांबूस झालं होतं. पाण्यावरचे पक्षी कशाने तरी उठले. आभाळाच्या तळाशी एक गुलाबी पट्टा सरकला आणि थोडा पलीकडे जाऊन परत पाण्यावर बसला. तात्या तिकडे बघत होते की नव्हते, सांगता येत नाही. त्यांनी डोळे मिटले होते असं शकील म्हणतो.

घरी परतताना गाडीत शकीलने विचारलं, "मास्तर, आता पाठवणीला कायम ह्येच का?"

"पोरीचा बाप येईपर्यंत चार," मी म्हणालो. "आला की दोन."

"आन् न्हाईच आला तर?"

"तर चारच. लग्न बसून राहील."

मी क्लासमध्ये मुलांना शिकवत असे की कॉर्ड ऐका, सूर निवडा. अजूनही तेच शिकवतो. फक्त आता वाजवायला सुरुवात करण्याआधी त्यांना विचारायला लावतो की समोरच्या माणसांना कुठे जायचं आहे, आणि ते तोंडाने सांगायची त्यांच्यात रीत आहे का. हे कुठल्याही पट्टीवर नाही. विचारावं लागतं.

शकीलने मात्र काळ्या पाचवर पांढऱ्या चिकटपट्टीचा एक तुकडा लावून ठेवला आहे. पाठवणीच्या आधी तो त्यावरून एकदा बोट फिरवतो.